मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय, पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही

जुळे_सोलापूर: नमस्कार. घरी जुना छोटा लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचंय. पेनड्राइव्ह तयार केला, लावला, होत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बूट ऑर्डर बदलली, म्हणजे आधी पेनड्राइव्ह बघायला सांगितलं, पेनड्राइव्हही दुसरा घेतला. नव्या पेठेतल्या एका दुकानदारानं तर "भंगारात घाला" म्हणून परत पाठवलं. वडिलांना टॉवेलच्या ऑर्डरी आणि बिलं लिहायला एवढा बास आहे, नवीन घ्यायची सध्या सोय नाही. रविवारपर्यंत द्यायचाय. लवकर सांगा.

कीबोर्ड_काका: "होत नाही" म्हणजे नक्की काय? स्क्रीन काळीच राहते की काही अक्षरं येतात? प्रोसेसर कुठला, रॅम किती?

मिंटवाला: मिंटच टाका, त्यातला हलका एक्सएफसीई डेस्कटॉप घ्या. माझ्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर मस्त चालतंय. पेनड्राइव्ह बनवायच्या रुफस सॉफ्टवेअरमध्ये जीपीटीऐवजी जुन्या मशीनची एमबीआर पद्धत निवडा, होऊन जाईल.

एसएसडी_घाला: आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. बाकी काहीही टाका, जुनं मशीन पळायला लागतं. मी चार जणांना बसवून दिलीय.

जुळे_सोलापूर: एमबीआर करून पाहिलं, तेच. एसएसडीचं नंतर, आधी सुरू तर होऊ दे. रॅम १ जीबी. आतलं विंडोज एक्सपी अजून चालतं. पेनड्राइव्ह लावला की इंग्रजीत काहीतरी येतं आणि तिथंच थांबतं.

कीबोर्ड_काका: ते "काहीतरी" जसंच्या तसं लिहा, उत्तर त्यातच असणार. आणि एक्सपीत माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, प्रोसेसरचं नाव तिथं दिसेल.

जुळे_सोलापूर: "धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू, बट ओन्ली डिटेक्टेड ॲन आय६८६ सीपीयू." प्रोसेसर इंटेल ॲटम एन२७०.

कीबोर्ड_काका: म्हणजे त्याला ६४-बिट प्रोसेसर हवाय, सापडला ३२-बिट. मग तुमचा पेनड्राइव्ह आणि बायोस दोन्ही ठीक आहेत. एन२७० हा ३२-बिट प्रोसेसर आहे आणि तुम्ही ६४-बिटचं मिंट लावताय. ते त्यावर कधीच सुरू होणार नाही.

मिंटवाला: पण माझा तर त्याच काळातला आहे!

कीबोर्ड_काका: कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे, वर्षावरून ठरत नाही. उबंटू या लिनक्सवर बांधलेल्या मिंटनं १९.३ आवृत्तीनंतर ३२-बिट बंदच केलं. जुळे सोलापूरकर, अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२-बिट आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची फाइल) घ्या, १ जीबीत चालतं.

डेबियनप्रेमी: अँटीएक्सच्या मुळाशी डेबियन १२ हे लिनक्सच आहे, मग थेट तेच का नको? एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप निवडायचा. फक्त १३ घेऊ नका, त्यात ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही.

कीबोर्ड_काका: थेट डेबियनही चालेल, पण १ जीबीत अँटीएक्स हलकं पडतं. वडिलांना वाट बघत बसवू नका.

एसएसडी_घाला: रॅम तरी वाढवा.

कीबोर्ड_काका: एन२७० ला २ जीबीच्या वर चालत नाही, तीही डीडीआर२ या जुन्या प्रकारची. जुन्या बाजारात मिळाली तर घ्या.

पूर्व_भाग: माग कुठं आहेत तुमचे? आमचेही पूर्व भागात होते, वडिलांनी विकले. टॉवेलला सध्या कसं आहे?

सह्याद्री_टेक: विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती यात नसणार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

डेबियनप्रेमी: विंडोजचं कुणी विचारलंय? महत्त्वाचं राहिलं: एक्सपीत बिलं आहेत का? इन्स्टॉलरमध्ये पूर्ण डिस्क निवडली तर सगळं जाईल.

जुळे_सोलापूर: आहेत ना, सहा-सात वर्षांची! पार्ट्यांना लिहिलेली मराठी पत्रंही आहेत, कृतीदेव फॉन्टमध्ये.

डेबियनप्रेमी: मग आधी इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरून लाईव्ह (इन्स्टॉल न करता) चालवा, डिस्क उघडा, सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. कृतीदेवची फॉन्ट फाइलही (टीटीएफ) एक्सपीतल्या फॉन्ट्स फोल्डरमधून घ्या. ती नसेल तर पत्रांत नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील. लिनक्समध्ये होम फोल्डरात ".फॉन्ट्स" नावाचं फोल्डर इंग्रजी अक्षरांत करा आणि त्यात टाका. नवीन लिहायला युनिकोडच (खास फॉन्टशिवाय दिसणारी मराठी) वापरा, आयबस-एम१७एन या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.

जुळे_सोलापूर: अँटीएक्स लाईव्ह सुरू झालं, वाय-फायसुद्धा दिसतंय! बिलं कॉपी होतायत. यूट्यूब चालेल का?

कीबोर्ड_काका: अभिनंदन. व्हिडिओची अपेक्षा ठेवू नका. क्रोमनं लिनक्सवरचं ३२-बिट २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सनंही १४४ आवृत्तीनंतर. बिलं, पत्रं आणि लिब्रेऑफिस एवढ्यासाठी वापरा.

पूर्व_भाग: टॉवेलचं सांगा की.