दुसऱ्या महायुद्धाचं रीइनॅक्टमेंट (त्या काळचा वेश करून तो काळ लोकांसमोर उभा करणं): मराठा शिपाई उभा करायचाय, सल्ला हवा

माणगावकर: नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात लेस्टरला असतो. मे महिन्यात घरच्यांना घेऊन हॉवर्थ गावचा फॉर्टीज वीकेंड (१९४०च्या दशकाचे वेश करून भरणारा मेळा) बघून आलो. टॉमी (ब्रिटिश शिपाई), होमगार्ड, नर्सा, सगळे होते, पण हिंदी (भारतीय) शिपाई मला एकही दिसला नाही. तेव्हापासून चैन नाही. आमच्या माणगावात नाईक (फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटली, टायबरचं खोरं. सोबतचे सगळे पडल्यावर हा बावीस वर्षांचा पोरगा एकटा मशीनगनवर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) नळीकडून धरून तिच्याच दणक्याने उरलेले दोघे लोळवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला तो मरणोत्तर. हे इथल्या लोकांना सांगायचंय. सुरुवात कशी करू? बंदुकीला परवाना लागतो का? वय ४६, चालेल?

खाकी_सर्ज: आठ वर्षं करतोय. आधी बटालियन ठरवा, खरेदी नंतर. घाडगे ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीचे (५व्या रेजिमेंटची ३री बटालियन), म्हणजे १०वी हिंदी डिव्हिजन. इटलीतच सेनिओ नदीवर एप्रिल १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव १/५ चे, ती ८वी डिव्हिजन. दंडावरचं चिन्ह वेगळं. मी हे न बघता एका दुकानातून 'इंडियन आर्मी सेट' घेतला. चिन्ह चुकीचं निघालं, अख्खी बाही उसवून पुन्हा शिवली.

पैसे आधी बुटांवर घाला. तळाला खिळे, टाचेला नाल. फरशीवर पाय घसरतो आणि पहिल्या दिवशी टाचा सोलतात, म्हणून घरी महिनाभर घालून फिरा. बॅटलड्रेसची (लोकरी लष्करी गणवेशाची) लोकर अंगाला टोचते, आत सुती बनियन हवाच. मग ३७ पॅटर्नचं वेबिंग, म्हणजे १९३७ च्या नमुन्याचे जाड कापडी पट्टे आणि पिशव्या. रायफल सगळ्यात शेवटी. नियमाप्रमाणे निकामी करून प्रमाणपत्र मिळालेली असेल तर परवाना लागत नाही. ब्लँक (गोळीविना नुसता बार होणारी काडतुसं) उडवायचे असतील तर पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. हुबेहूब नकली बंदुकीसाठीसुद्धा विमा असलेल्या गटाचं सदस्यत्व विचारतात, त्यामुळे आधी गट गाठा.

सुपर्णा_लीड्स: बंदूक नसली तरी चालतं. आम्ही लंगर (पलटणीचं स्वयंपाकघर) लावतो: परात, कणीक, डाळ, गूळ, मगात चहा. चपाती लाटताना माणसं आपणहून थांबतात आणि विचारतात, "इंडियन्स इन इटली?" बायकोलाही घ्या. विमेन्स ऑक्झिलरी कोअर (हिंदी फौजेचं महिला दल) १९४२ ला निघाली. नौदलाच्या कल्याणी सेन १९४५ मध्ये स्कॉटलंडला रोसाइथला आल्या होत्या, साडीत. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात फोटो आहे, बघाच.

कोकणी_माणूस: एक विचारू? इंग्रजांच्या फौजेतला शिपाई मिरवायचा कशाला?

जुना_फौजी: रास्त प्रश्न आहे, आणि तो तंबूसमोरही येणार. त्या युद्धात २५ लाखांच्या वर माणसं स्वेच्छेने भरती झाली. कुणी पगारासाठी, कुणी बाप-आजा पलटणीत होता म्हणून. घरी मनिऑर्डर जायची आणि मनात स्वराज्यही असायचं. हे सगळं जसंच्या तसं सांगायचं, काही झाकायचं नाही.

माणगावकर, एक कळकळीची विनंती. स्वतः घाडगे होऊ नका. छातीवर व्हिक्टोरिया क्रॉसची नक्कलही नको. त्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. तुम्ही त्याच पलटणीतले एक सुभेदार व्हा आणि त्यांची गोष्ट सांगा. ४६ वय सुभेदाराला शोभतं. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये वॉर डायऱ्या (पलटणींच्या रोजच्या नोंदी) बघायला मिळतात, एक दिवस काढून जा.

माणगावकर: सुभेदारच होतो. वाचून डोळ्यांत पाणी आलं. बूट आज मागवतोय, माझा नंबर ८. तोच घेऊ?

खाकी_सर्ज: ९ घ्या. आत लोकरीचे दोन मोजे जातात.