शब्दचर्चा: चिकित्सा समिती, प्रवर समिती, निवड समिती, जेपीसी… नेमकं कोणतं लिहायचं?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. बारावीच्या राज्यशास्त्राच्या पोरांसाठी मराठीतून नोट्स काढून राहिली आहे, विषय संसदेत कायदा कसा तयार होतो. विधेयक मांडलं, चर्चा झाली, मतदान झालं, राष्ट्रपतींची सही झाली हे सगळं सरळ आहे, गाडी अडते ती मधे, विधेयक समितीकडे जातं तिथे. एका पेपरात 'संयुक्त चिकित्सा समिती', दुसऱ्यात 'प्रवर समिती', टीव्हीवर नुसतं 'जेपीसी' (जॉइंट पार्लमेंटरी कमिटी, म्हणजे संसदेची संयुक्त समिती) आणि एका गाइडमध्ये चक्क 'निवड समिती'. पोरं विचारतात मॅडम ह्या चार वेगळ्या समित्या आहेत का. आणि दुसरा प्रश्न, लोकसभेनं एक मसुदा मंजूर केला आणि राज्यसभेनं त्यात बदल केले तर ते दोन मसुदे एकत्र आणण्याच्या कामाला मराठीत काय म्हणायचं? समेट, समन्वय, तडजोड, मेळ? डिक्शनरीत हे सगळेच दिलेत आणि मला एकही पटत नाहीये.

सदरवाला:
ताई, 'चिकित्सा'वर माझं ऑब्जेक्शन आहे. आपल्या नागपुरात अर्धं घर मराठी पेपर वाचतं आणि अर्धं हिंदी, आणि हिंदीत चिकित्सा म्हणजे सरळ औषधोपचार, चिकित्सक म्हणजे डॉक्टर. डिसेंबर 2024 च्या हिवाळी अधिवेशनात इथेच सिव्हिल लाइन्सला राज्याचं जनसुरक्षा विधेयक मांडलं आणि ते संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, तेव्हा आमच्या शेजारच्यांनी खरंच विचारलं होतं की हे डॉक्टर लोकांची कमिटी कायले नेमून राहिले. 'प्रवर समिती' लिहा न, संसदेच्या हिंदी कामकाजात तोच शब्द आहे, देशभर एकच राहील.

धरमपेठकर:
भाऊ, प्रवर म्हटलं की माझ्या पोरांना काहीच समजत नाही. घरी विचारलं तर आजी गोत्र-प्रवर सांगते आणि पोस्टात प्रवर अधीक्षक म्हणजे वरिष्ठ अधीक्षक. एकाच शब्दात वरिष्ठ पण आणि निवडक पण.

सिव्हिललाइन्स वकील:
थोडं लांब लिहितो, कारण ह्या शब्दांच्या गोंधळानं लोकांना कायदा कसा होतो तेच चुकीचं समजून राहिलं आहे असं मला मनापासून वाटते.

आधी 'निवड समिती' बाद करा. मूळ इंग्रजी 'सिलेक्ट कमिटी'चा तो शब्दशः उल्था आहे, पण मराठीत निवड समिती म्हणजे निवड करणारी समिती, नोकरीची मुलाखत घेणारी नाहीतर जामठ्याच्या क्रिकेट मॅचसाठी टीम ठरवणारी. इथे समिती कोणाची निवड करत नाही, सभागृहानं आपल्यातले काही सदस्य निवडून त्यांच्याकडे विधेयक सोपवलेलं असते. म्हणजे नावच उलटं पडते.

आता प्रवर की चिकित्सा. माझं मत ठाम 'चिकित्सा'. समिती कशी नेमली ते प्रवर सांगते, समिती काय काम करते ते चिकित्सा सांगते आणि वाचणाऱ्याला दुसरंच जास्त कामाचं आहे. मराठीत चिकित्सा करणे म्हणजे उगाच मान न डोलावता बारकाईनं तपासणे, 'फार चिकित्सक बाई आहे' म्हणतो तेव्हा कोणी डॉक्टरीण समजत नाही. आणि समितीत नेमकं तेच चालते. लोकांकडून, संस्थांकडून निवेदनं मागवतात, साक्षी होतात, मंत्रालयाचे अधिकारी बोलावून विचारतात की हा शब्द कायले टाकला, मग खंडशः विचार होतो म्हणजे एकेक खंड घेऊन त्यावरच्या सुधारणा मताला टाकतात, शेवटी अहवाल. ज्यांना पटलं नाही ते आपली भिन्नमतपत्रिका जोडतात आणि ती अहवालासोबतच छापली जाते. जनसुरक्षावर 12 हजारांच्या वर सूचना-हरकती आल्या होत्या, चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते, जुलै 2025 मध्ये बदल होऊन ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ते राज्याचं विधेयक, पण कामाची पद्धत दिल्लीत साधारण हीच.

आता जेपीसी. हा शब्द दोन अगदी वेगळ्या समित्यांना लागते आणि पोरांचा खरा घोळ इथेच होते. बोफोर्स तोफांच्या खरेदीवर 1987 मध्ये बसली, हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यावर 1992 मध्ये, शीतपेयांतल्या कीटकनाशकांवर 2003 मध्ये, तिचे अध्यक्ष शरद पवार होते. ह्या सगळ्या चौकशीच्या समित्या. ऑगस्ट 2024 मध्ये वक्फ सुधारणा विधेयकावर 31 सदस्यांची बसली, जगदंबिका पाल अध्यक्ष, किंवा एकत्र निवडणुकांच्या 129 व्या घटनादुरुस्ती विधेयकावर 39 सदस्यांची बसली, त्या विधेयकाच्या समित्या. पहिल्या प्रकारात काहीतरी घडून गेलेलं असते आणि त्याचा छडा लावायचा असते, दुसऱ्यात कायदा व्हायचाच असते. दोन्हीला टीव्हीवर 'जेपीसी बसली' म्हणतात आणि लोकांना वाटते घोटाळा झाला. म्हणून माझं म्हणणं, एकीला चौकशी म्हणा आणि दुसरीला चिकित्सा, दोन्ही शब्द घरचेच आहेत.

सदरवाला:
वकीलसाहेब, शेजाऱ्याचं काय मग?

सिव्हिललाइन्स वकील:
भाऊ, 'विधेयकाची चिकित्सा' असं पूर्ण लिहा न एकदा, 'विधेयक चिकित्सेसाठी संयुक्त समितीकडे'. पुढे विधेयक आलं की डॉक्टर आपोआप बाहेर. नुसतं 'संयुक्त चिकित्सा समिती' असं सुटं हेडिंग टाकतात तिथे गोंधळ होतो, एवढं तुमचं बरोबर आहे.

धरमपेठकर:
आणि स्थायी समिती? ती पण विधेयक तपासते न? पोरांना स्थायी समिती म्हटलं की महानगरपालिकेतली आठवते, टेंडर मंजूर करणारी.

सिव्हिललाइन्स वकील:
ताई हे फार चांगलं पकडलं. पालिकेतल्या स्थायी समितीला खर्च मंजूर करायचा अधिकार असते, संसदेतल्या विभागीय स्थायी समितीला काहीच मंजूर करता येत नाही, ती फक्त सल्ला देते. नाव एक, ताकद वेगळी. 1993 मध्ये अशा 17 समित्या सुरू झाल्या, 2004 मध्ये 24 झाल्या, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10, मंत्री सदस्य होऊ शकत नाही. एक मोठा फरक नोट्समध्ये नक्की घाला. स्थायी समितीकडे विधेयक गेलं तर ती शिफारशी लिहून देते आणि सभागृहात मूळ विधेयकच येते, सरकारला शिफारस पटली तर सरकार स्वतः सुधारणा आणते. चिकित्सेच्या समितीकडे गेलं, मग ती दोन्ही सभागृहांची संयुक्त असो की एकाच सभागृहाची, जिला संसदेत प्रवर म्हणतात, तर ती विधेयकाचा मसुदाच बदलून देऊ शकते आणि सभागृहापुढे साधारणपणे तो समितीनं दिलेला मसुदा येते. म्हणून पहिलीसाठी 'शिफारस केली' आणि दुसरीसाठी 'सुधारून पाठवलं' लिहायचं. पेपरवाले दोन्हीकडे 'समितीनं मंजुरी दिली' ठोकून देतात. समिती कायदा मंजूर करत नाही, ती आपला अहवाल मंजूर करते. तोही एकमतानं होतोच असं नाही, वक्फच्या समितीत अहवाल 15 विरुद्ध 11 मतांनी स्वीकारला गेला. त्यामुळे 'समितीत सहमती झाली' असं लिहायच्या आधी मतं पाहून घ्यावी.

बर्डीची अकाउंट्सवाली:
ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोलून नाही राहिलं म्हणून लिहिते. अकरावीच्या बुककीपिंगमध्ये आम्ही 'बँक जुळवणी पत्रक' शिकवतो. पासबुकातली शिल्लक एक, कॅशबुकातली दुसरी, फरक कुठून आला ते शोधून दोन्ही एका आकड्यावर आणायच्या. हे जे काम तुम्ही सांगता दोन सभागृहांच्या मसुद्यांचं ते अगदी हेच आहे. 'जुळवणी' लिहा. मसुद्यांची जुळवणी.

धरमपेठकर:
वा मॅडम, हा तर डोक्यातच नव्हता आला. पण समेट का नको?

सिव्हिललाइन्स वकील:
समेट हा शब्द आमच्याकडे आधीच कामाला लागला आहे. लवाद आणि समेटाचा कायदा 1996 चा, कामगार वादात समेट अधिकारी असते. समेट दोन भांडणाऱ्या पार्ट्यांचा होते, तडजोडीत दोघंही काहीतरी सोडतात, मसुद्यांचं भांडण नसते, त्यांचे शब्द वेगळे असतात. समन्वय तर सरकारी पत्रकात इतका घासून गेला की त्यातून काही कळत नाही. अकाउंट्सवाल्या मॅडमचा जुळवणी मला एकदम पटला.

पण मोठा मुद्दा हा की जुळवणीची समिती आपल्या संसदेत नाहीच. अमेरिकेत आहे, तिथे दोन्ही सभागृहांचे काही सदस्य बसून दोन मसुद्यांचा एक करतात आणि मग तो दोन्हीकडे जसाच्या तसा मताला जाते, त्यात पुन्हा बदल सुचवता येत नाही. फ्रान्समध्ये सात खासदार आणि सात सिनेटर बसतात. जर्मनीत 16 आणि 16, एकूण 32. अमेरिकेच्या त्या समितीला काही जण 'परिषद समिती' लिहितात, ते महाराष्ट्रात तरी नको, आपल्याकडे विधान परिषद आहे आणि वाचणारा त्या परिषदेची समितीच समजणार. 'जुळवणी समिती' लिहा, एका शब्दात काम कळते. आणि अमेरिकेच्या बातम्यांत 'रीकन्सिलिएशन बिल' येते, शब्दाचा अर्थ जुळवणी असला तरी ते आणखी वेगळं, ती बजेटसाठीची 1974 च्या कायद्यातली पद्धत आहे, सिनेटमध्ये साध्या बहुमतावर मंजूर करायची सोय, त्यात सभागृहांची जुळवणी शोधू नका.

बर्डीची अकाउंट्सवाली:
मग आपल्याकडे फरक पडला तर काय करतात?

सिव्हिललाइन्स वकील:
विधेयक इकडून तिकडे जाते आणि परत येते. सरोगसीच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी मूल पोटात वाढवण्याच्या, विधेयकाचं उदाहरण द्या पोरांना, फार सुंदर आहे. 2019 मध्ये लोकसभेनं मंजूर केलं, राज्यसभेनं ते आपल्या प्रवर समितीकडे पाठवलं, भूपेंद्र यादव अध्यक्ष होते. मूळ विधेयकात गर्भ वाढवणारी बाई जवळची नातेवाईकच पाहिजे असं होतं, समितीनं म्हटलं तयार असलेली बाई चालावी, कारण नात्यातल्या बाईवर घरचेच दबाव आणू शकतात आणि तिला नाही म्हणता येत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये अहवाल आला, डिसेंबर 2021 मध्ये राज्यसभेनं सुधारणांसकट मंजूर केलं आणि त्या सुधारणा लोकसभेनं त्याच महिन्यात मान्य केल्या. ही आपल्याकडची जुळवणी, वेगळी समिती न बसवता झालेली. एका शब्दासाठी वर्षं लागली पण तो शब्द कोण्या बाईच्या आयुष्याचा होता, म्हणून चिकित्सा म्हणजे वेळकाढूपणा असं कोणी म्हटलं की मला राग येते.

नाहीच जुळलं तर अनुच्छेद 108, दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक. आतापर्यंत तीनदाच, हुंडाबंदी 1961, बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक 1978 आणि दहशतवादविरोधी पोटा 2002. इथेही एक शब्द सांभाळा, 'संयुक्त बैठक' म्हणजे ही आणि 'संयुक्त समितीची बैठक' म्हणजे ती वरची चिकित्सा. हेडिंगमध्ये जागा नाही म्हणून 'समिती' गाळतात आणि अर्थ पार बदलते. राज्यात तर संयुक्त बैठकीची सोयच नाही, विधान परिषद फार तर थोडे महिने अडवू शकते, शेवटी विधानसभेचंच चालते.

सदरवाला:
इन्कम टॅक्सच्या नव्या कायद्याचं काय झालं होतं? ते पण समितीकडे गेलं होतं न, मग 'मागे घेतलं' अशी बातमी आली आणि आम्ही समजलो संपलं.

सिव्हिललाइन्स वकील:
13 फेब्रुवारी 2025 ला मांडलं, लोकसभेच्या प्रवर समितीकडे गेलं, बैजयंत पांडा अध्यक्ष, 31 सदस्य, सगळे लोकसभेचेच. कारण ते धन विधेयक, म्हणजे कर-खर्चासारख्या पैशाच्या बाबींचं, आणि तसं विधेयक संयुक्त समितीकडे पाठवता येत नाही. 21 जुलैला अहवाल आला, त्यात 285 शिफारशी, मग ऑगस्टमध्ये जुनं विधेयक मागे घेऊन त्या शिफारशी घातलेलं नवं मांडलं आणि ते 11 ऑगस्टला लोकसभेत मंजूर झालं. म्हणजे मागे घेणं इथे सुधारून पुन्हा आणण्यासाठी होतं. आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेनं ते 'परत केलं'. धन विधेयकाला राज्यसभा मंजूर करत नाही, 14 दिवसांच्या आत शिफारशींसह किंवा शिफारशींशिवाय परत करते, म्हणून तिथे 'परत केलं' हाच शब्द बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला वाटते नाकारलं. नोट्समध्ये 'राज्यसभेनं चर्चेनंतर लोकसभेकडे परत पाठवलं' असं लिहा, चुकणार नाही.

धरमपेठकर:
काका, शेवटचं. लोकसभा विसर्जित झाली तर समितीकडचं विधेयक 'रद्द' होतं लिहू का? पुस्तकात 'व्यपगत' आहे, पोरं तो वाचताना अडखळतात.

सिव्हिललाइन्स वकील:
रद्द नको. रद्द कोणीतरी करते, हे आपोआप होते. कायद्याच्या भाषेत व्यपगत बरोबर, पण पोरांसाठी 'बारगळलं' लिहा आणि बाजूला एकदा व्यपगत दाखवा, परीक्षेत तोच येणार. लोकसभेत प्रलंबित असलेलं बारगळते, लोकसभेनं मंजूर करून राज्यसभेत अडकलेलंही बारगळते, पण राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेकडे अजून गेलेलंच नाही ते जिवंत राहते कारण राज्यसभा विसर्जित होत नाही. डेटा संरक्षणाचं 2019 चं विधेयक ह्यात टाकू नका, ते संयुक्त समितीनं डिसेंबर 2021 मध्ये 81 सुधारणा सुचवून परत दिलं होतं आणि ऑगस्ट 2022 मध्ये सरकारनं मागे घेतलं, नवा कायदा 2023 चा. ते बारगळलं नव्हतं.

बर्डीची अकाउंट्सवाली:
ताई, नोट्स झाल्या की आमच्या ज्युनिअर कॉलेजलाही द्या न. आणि खंड, कलम, अनुच्छेद हे तीन वेगळे आहेत तेही एका ओळीत टाकाच, आमची पोरं सगळ्यालाच कलम म्हणतात.

धरमपेठकर:
हो टाकते. विधेयकात खंड, कायदा झाला की कलम, संविधानात अनुच्छेद. कायद्याच्या कलमातही पुन्हा पोट-कलम आणि खंड येतात, ते पुढच्या पानावर उदाहरणासकट देईन.