मदत हवी आहे: पेट्रोल फोर-बाय-फोर की छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही?

नमस्कार मंडळी,

गाडी बदलायची आहे आणि दोन अगदी वेगळ्या जातीच्या गाड्यांमध्ये अडकलो आहे. एकीकडे पाच दारांची सुझुकी जिमनी (पेट्रोलवरची, चारही चाकं चालवता येणारी, म्हणजे फोर-बाय-फोर), दुसरीकडे साधारण तेवढ्याच लांबीची इलेक्ट्रिक एसयूव्ही. इलेक्ट्रिकचं मॉडेल अजून पक्कं नाही, पण ज्या बघतोय त्या सगळ्या 40 ते 50 किलोवॅट-तास बॅटरीच्या आणि फक्त पुढची चाकं चालवणाऱ्या आहेत. घरात गाडी एकच राहणार आहे, त्यामुळे 'दोन्ही घेऊन टाका' हा सल्ला कृपया नको.

आठवडाभराचा वापर शहरातला, गर्दीतला, रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटरच्या आसपास. पार्किंगमध्ये स्वतंत्र वीजजोडणी मिळते आहे. एवढंच असतं तर हा धागा काढलाच नसता. 3.3 किलोवॅटच्या साध्या चार्जरवरसुद्धा रोज खर्च झालेली वीज दोन-तीन तासांत परत भरते, आणि ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिक गाडी चालवण्यात जे सुख आहे ते एकदा अनुभवलं की विसरता येत नाही.

प्रश्न आहे तो डोंगरातल्या घराचा. शहरापासून साधारण 110 किलोमीटर, त्यात शेवटी घाट, आणि डांबर संपल्यावर काही किलोमीटर कच्चा रस्ता. आत्ताची हॅचबॅक आम्ही खालीच लावतो आणि वर चालत जातो. गुडघ्यांमुळे आईला आता ते जमत नाही, म्हणून तिचं तिथे जाणंच थांबलं आहे. तिला दारापर्यंत नेता यावं हे नवी गाडी घेण्याचं खरं कारण. बाकी सगळं त्यानंतर.

कच्चा रस्ता बहुतेक ठिकाणी नुसता खडबडीत आहे. सावकाश गेलं आणि ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) बरा असला तर कुठलीही गाडी जाईल. घोडं अडतं ते एका वळणावर. तिथे चढ आहे, वर सुटी खडी आहे आणि पावसाच्या पाण्यानं रस्त्यात तिरका चर पाडला आहे. चर तिरका असल्यामुळे त्यात शिरताना पुढचं एक चाक आणि त्याच्या कर्णातलं मागचं चाक एकाच वेळी हलकं होतं. साधं डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी) जोर नेमका मोकळ्या चाकाकडे जाऊ देतं. ते चाक जागच्या जागी फिरतं, खडी मागे फेकतं आणि स्वतःसाठीच खड्डा करून घेतं. पुढची चाकं चालवणाऱ्या एका पेट्रोल गाडीचं तिथे हेच होताना मी शेजारी उभं राहून पाहिलं आहे. शेवटी ती उलटी खाली घ्यावी लागली.

जिमनी अशा जागेसाठीच बनली आहे. लॅडर फ्रेम (शिडीसारखा मजबूत सांगाडा), पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल. एक चाक वर ढकललं गेलं की त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं खाली दाबलं जातं, त्यामुळे टायर जमीन सहजी सोडत नाही. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत हळू गिअर) टाकलं की गाडी चालण्याच्या वेगानं, क्लच न जाळता चढते, आणि मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवायची सोयही आहे. ग्राउंड क्लिअरन्स 210 मिमी, पुढचा कोन 36 अंश, मागचा 47. चराच्या काठाला बंपर लागणार नाही एवढं नक्की.

इलेक्ट्रिकची बाजूही पोकळ नाही. मोटरचा टॉर्क शून्यापासून मिळतो आणि चाक घसरायला लागताच तो इतक्या झटकन कमी-जास्त करता येतो की ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) इंजिनच्या गाडीपेक्षा बारकाईनं काम करू शकतं. पण चढावर वजन मागे सरकतं, म्हणजे जी चाकं गाडी ओढताहेत तीच हलकी होतात. ही साधी भौतिकी आहे, कुठलंही सॉफ्टवेअर ती बदलू शकत नाही. शिवाय पोटाखाली बॅटरी. तिच्या खाली संरक्षक पत्रा असतो हे माहीत आहे, पण दगडावर गाडी टेकली तर पेट्रोल गाडीत जे ओरखड्यावर निभावतं ते इथे महागात पडू शकतं. शोरूममध्ये मला 'बॅटरी आयपी67 आहे, पाण्यात बिनधास्त घाला' असं सांगण्यात आलं. आयपी67 म्हणजे 1 मीटरपर्यंतच्या स्थिर पाण्यात 30 मिनिटं पाणी आत न शिरणं. वाहत्या ओढ्यात गाडी घालायची ती परवानगी नव्हे. कोणीही तसं समजू नये.

रेंजची काळजी मात्र मी सोडून दिली आहे, कारण हिशोब जमतो. हायवेला बऱ्यापैकी वेगात एका युनिटला (म्हणजे एका किलोवॅट-तासाला) 6 किलोमीटर धरले तर 110 किलोमीटरला 18 युनिट. घाट साधारण 800 मीटर उंची चढतो. माणसांसकट 1700 किलोची गाडी तेवढी उचलायला 3.7 युनिट लागतात, वाटेतली गळती धरून साडेचार. म्हणजे जाताना 22-23. येताना उतारावर चढायला लागलेल्या विजेतली निम्म्याहून थोडी जास्त वीज रिजनमधून (वेग आवरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते) परत मिळते, म्हणून 16 च्या आसपास. एकूण 39. 45 च्या बॅटरीत हे जेमतेम बसतं, पण वरच्या घरी 16 अँपियरचा प्लग आहे, रात्रभरात आरामात भर पडेल. (वर बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागलो तर सुरुवातीला रिजन जवळपास चालत नाही, म्हणून 90 टक्क्यांवर थांबायचं.) जिमनीला त्याच घाटाच्या नुसत्या उंचीसाठी सव्वा लिटर पेट्रोल जाईल आणि उतरताना त्यातलं थेंबभरही परत येणार नाही.

तेव्हा 'रेंज पुरेल का' यावर कृपया चर्चा नको. माझी अडचण चाकांची आहे.

टायरचाही मुद्दा आहे. जिमनीचा टायर 195/80 आर15, म्हणजे साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) 156 मिमी उंच, आणि मागच्या दारावर पूर्ण आकाराची स्टेपनी. मी बघितलेल्या एका इलेक्ट्रिकला 215/60 आर16, साइडवॉल 129 मिमी, आणि स्टेपनीच नाही, फक्त पंक्चर किट. किटमधलं द्रव्य खिळ्याचं भोक बुजवतं. धारदार दगडानं साइडवॉल चिरली तर त्याचा काही उपयोग नाही. आई गाडीत असताना, संध्याकाळी, त्या रस्त्यावर हे झालं तर काय करायचं? इलेक्ट्रिक घेऊन डिकीत स्वतःची स्टेपनी ठेवणारे कोणी आहेत का? जॅक कुठे लावता? बॅटरीच्या कडेला चुकून जॅक लागू नये म्हणून काय काळजी घेता?

आता आईचं. तिला दोन्ही गाड्यांत बसवून पाहिलं. जिमनीत मागे चढताना तिनं वरचं हँडल धरलं, एक पाय आत टाकला आणि दुसरा उचलताना थांबली, मला हात द्यावा लागला. पुढच्या सीटवर जरा सोपं गेलं. सलग अ‍ॅक्सलमुळे खराब डांबरी रस्त्यावर गाडी डावी-उजवी डुलते, तीही तिला जाणवली. इलेक्ट्रिकची सीट बरोबर कमरेच्या उंचीला आली, ती नुसती वळून आत बसली. पण बॅटरीमुळे मागची फरशी उंच, त्यामुळे गुडघे वर राहतात आणि मांड्यांना आधार नाही. तीन तासांनी तिचे गुडघे काय म्हणतील हे शोरूमच्या फेरीत कसं कळणार? गुडघेदुखी असलेल्या माणसाला लांबच्या प्रवासाला नेणाऱ्यांनी याबद्दल जरूर लिहावं. बाजूची पायरी बसवली तर जिमनीत चढणं खरंच सोपं होतं का, की तीच पायरी दगडाला आधी लागते?

सुझुकी ई-व्हिटाराची दोन मोटरची, चारही चाकं चालवणारी आवृत्ती मध्यममार्ग म्हणून सुचवली जाते. तिची बॅटरी 61 किलोवॅट-तासांची, पण ग्राउंड क्लिअरन्स 180 मिमी, आणि ती माझ्या पार्किंगसाठी जरा लांबही आहे.

आत्ता माझा कल जिमनीकडे 60 टक्के आहे. पण वर्षातल्या मोजक्या फेऱ्यांसाठी रोज गर्दीत पेट्रोल जाळायचं हे मनाला पटत नाही. एक पर्याय असाही डोक्यात आहे की ते वळणच दुरुस्त करून घ्यावं: चरात मोठे दगड बसवायचे, वरून मुरूम दाबायचा, पाण्याला बाजूनं वाट काढून द्यायची. वरची मंडळी तयार आहेत. पण एका पावसाळ्यात ते टिकतं का? कोणी केलं असेल तर सांगा, कारण ते टिकणार असेल तर मी उद्या इलेक्ट्रिक बुक करेन.

पुढची चाकं चालवणारी इलेक्ट्रिक ज्यांनी अशा तिरक्या चरातून वर नेली आहे त्यांनी टायर कोणते होते, गाडीत माणसं किती होती आणि खडी कोरडी होती की ओली, एवढं नक्की लिहा. फोटो हवे असतील तर वळणाचे खालून आणि वरून काढलेले दोन्ही टाकतो.