०.१ आणि ०.२ ची बेरीज

"नोकरी करायची नसेल तर प्रोग्रामिंग शिकून उपयोग काय?" असं बरेच जण विचारतात, त्यावर माझा अनुभव सांगतो. परभणीत आमची आडत आहे. सोयाबीनच्या पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या विक्रीच्या पावत्यांचा, हिशोब करायला हौसेनं पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. एका रात्री ०.१ + ०.२ चं उत्तर आलं ०.३०००००००००००००००४!

झोपच उडाली. मग उलगडलं: दशमानात एक तृतीयांश जसा ०.३३३... असा संपत नाही, तसा द्विमानात, म्हणजे संगणकाच्या फक्त ० आणि १ च्या पद्धतीत, एक दशांश संपत नाही. ०.०००११००११... असा फिरतच राहतो आणि संगणक तो ५३ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ५३ अंकांत, जवळच्या आकड्यावर आणून थांबवतो; म्हणून बेरजेत तो बारीक फरक येतो. आता रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकातच ठेवतो.

हिशोब जुळला, पण त्याहून मोठा आनंद वहीवर ते ००११ पुन्हा पुन्हा उमटताना बघण्याचा होता. द्विमानात १ ला १०१० नं, म्हणजे दहानं, भागून बघाच.