मदत हवी आहे: ज्वारीचा मॅश गाळलाच जात नाही (ग्लूटेन नसलेली बिअर, नागपूर)

जवारीवाला
मंडळी, हिंगण्याच्या बाजूला आमची लहानशी ब्रुअरी आहे, एका वेळी ३०० लिटरची. मालक आम्ही दोघं, मी आणि माझा जोडीदार. (दोघंही पुरुष. शेवटच्या प्रश्नासाठी आधीच सांगून ठेवतो.) त्याला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही. गहू, बार्ली, राय सगळं बंद, म्हणजे दुकानातली जवळपास प्रत्येक बिअर बंद. म्हणून निव्वळ ज्वारीची करायचं ठरवलं.

माल्ट घरचंच. ज्वारी भिजवायची, गोणपाटावर पसरून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायची. जोडीदाराच्या आईचा हात नाचणीसत्त्वावर बसलेला, त्यामुळे मोडांची देखरेख तिच्याकडे. मे महिन्यात मात्र दुसऱ्याच दिवशी बुरशीचा वास आला आणि ४० किलो फेकावी लागली.

खरा घोळ पुढे आहे. ६५ अंशांवर तासभर मॅश (गरम पाण्यात कालवलेली माल्टची भरड) धरला आणि तोटी उघडली, तर थेंब थेंब. सगळं खाली बसून लापशी झालेली. लांब दांड्याच्या उलथन्याने खोदलं की तेवढ्यापुरतं वाहायचं. गाळून होईस्तोवर रात्रीचे अडीच. एवढं करून ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) ७, हवा होता १२. चव म्हणाल तर ताकावरच्या निवळीसारखी.

भरड गल्लीतल्या गिरणीतून आणली. यीस्टचा गाळ एका ओळखीच्या ब्रुअरीने बरणीभर दिला.

चुकतंय कुठे? फलकावर 'ग्लूटेन-फ्री' लिहू का? आणि आमच्यापैकी एकाला काही झालं तर धंद्याचं काय? बँकेत 'नातं' या रकान्यात आम्ही 'मित्र' लिहून आलो.

धानपट्टा
काहून इतकी बारीक दळली बाप्पा? बार्लीला टरफल असतं, गाळताना तेच चाळणीचं काम करतं. ज्वारीला ते नाही. भरड रव्यापेक्षा जाड ठेवा आणि मॅशमध्ये धानाचा तूस घाला. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमध्ये ढीग पडलेले असतात. आधी दोनतीन पाण्यांनी धुवा, नाहीतर बिअरला गोठ्याचा वास.

ब्रिक्सचं कारण वेगळं. ज्वारीचा स्टार्च ७० अंशांच्या आसपास नीट फुलतो, तुम्ही ६५ वर थांबलात. जास्त तापवलं तर माल्टमधले, स्टार्चची साखर करणारे एन्झाइम मरतात. म्हणून सुरुवातीला ४५-५० अंशांवर अर्धा तास ठेवा. एन्झाइम पाण्यात उतरतात. ते वरचं निवळ पाणी बाजूला काढा, खालचा दाणा चांगला उकळा, ६५ वर आणा आणि मग ते पाणी परत ओता. तरी ज्वारीत बीटा-अमायलेज हे त्यातलं एक एन्झाइम मुळातच कमी, तेव्हा बाहेरून खाद्य दर्जाचं एन्झाइम घालण्यात कमीपणा मानू नका.

एक विचारायचं राहिलं: मोड-मुळं काढून टाकता ना? ज्वारीच्या कोंबात धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं.

जवारीवाला
हो. आई वाळलेली ज्वारी गोणपाटावर घासते आणि सुपाने पाखडते. मला वाटायचं दिसायला बरं म्हणून करते.

एकपेशी
'ग्लूटेन-फ्री' सध्या अजिबात लिहू नका. मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची आहे आणि तुमच्याकडे दोन भोकं आहेत. गल्लीतल्या गिरणीत तुमच्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असणार. घरघंटी घ्या, तीत ज्वारीशिवाय दाणा जाऊ देऊ नका. दुसरं भोक ती बरणी. तो गाळ बार्लीच्या बिअरचा ना? म्हणजे ग्लूटेन तुम्ही स्वतःच्या हाताने आत ओतलं. कोरडं पाकिटातलं यीस्ट आणा, त्याचंही लेबल वाचून.

तपासणीला देताना आंबवलेला पदार्थ आहे हे सांगा आणि 'कॉम्पिटिटिव्ह एलायझा' (ग्लूटेन मोजायची एक चाचणी) मागा. आंबताना प्रथिनांचे तुकडे पडतात, साध्या एलायझात ते निसटतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

खमंग
बिअर करा की राजेहो. दोघं पुरुष आहात हे सांगायची काय गरज होती?

जवारीवाला
नवराबायको असतो तर तिसरा प्रश्न विचारावाच लागला नसता.

स्टॅम्पपेपर
त्यावर मी. तुमची भागीदारी १९३२ च्या कायद्याखाली असेल आणि करारात वेगळं लिहिलं नसेल, तर एक भागीदार गेला की फर्म मोडते. दोघांचीच फर्म असेल तर करारात लिहूनही भागत नाही, एका माणसाची भागीदारी होत नाही. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) केली तर ती पुढे चालते, पण दुसरा भागीदार लवकर घ्यावा लागतो. वाटा वारसांकडे जातो आणि कायद्याने तुम्ही एकमेकांचे वारस नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. तेव्हा दोघांनी मृत्युपत्र करा, या महिन्यातच. जॉइंट खातं आणि नॉमिनी यांना अडचण नाही, अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला तसं स्पष्ट केलंय. त्याची प्रत घेऊनच बँकेत जा. परवान्याचं काय होईल, ते उत्पादन शुल्क कार्यालयात लेखी विचारा.

जवारीवाला
तीन आठवड्यांनी लिहितोय. घरघंटी आली, तूस आला, यीस्ट बदललं. परवा पावणेदोन तासांत गाळून झालं, ब्रिक्स १०.५. नमुना लॅबला गेलाय. वकिलांची वेळ शुक्रवारची. जोडीदार रोज टाकीशी जाऊन वास घेतो आणि झाकण लावतो. आकडा येईपर्यंत मी त्याला घोटसुद्धा देणार नाही.