फुलों की घाटी: पहिल्यांदाच जातोय, सोबत आई. बेत बसतो का?

पिंपळपान (ठाणे)
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या फुलों की घाटीला जायचं चाललंय. मी, बायको आणि आई. आईचं वय ६३. साखर-बीपी काही नाही, पण उजवा गुडघा कुरकुरतो. रोज सकाळी उपवन तळ्याला फेऱ्या मारते, जिने मात्र टाळते. हिमालयात आम्ही तिघंही प्रथमच.

१५ ऑगस्टला जोडून पाच दिवस काढतोय. पहिल्या दिवशी विमानाने डेहराडून आणि तिथून थेट जोशीमठ. दुसऱ्या दिवशी घांगरिया, म्हणजे घाटीखालचं मुक्कामाचं गाव. तिसऱ्या दिवशी सकाळी घाटी, दुपारी हेमकुंड (वरचं सरोवर आणि गुरुद्वारा). चौथ्या दिवशी खाली उतरून बद्रीनाथ, पाचव्या दिवशी परत. बायकोला घाटी हवी, मला हेमकुंडाची ब्रह्मकमळं बघायचीत, आणि आई म्हणते एवढ्या लांब जाऊन बद्रीनाथ नाही म्हणजे काय!

हे जमेल का? आईसाठी खेचर बरं की हेलिकॉप्टर? आणि त्या दिवसांत फुलं खरंच असतात, की सगळी फोटोवाल्यांची करामत?

घाटवाट (पुणे)
बेत वाचूनच धाप लागली. घाटी आणि हेमकुंड एका दिवसात होत नाही राव. हेमकुंडाला भल्या सकाळी निघतात आणि दुपारी सगळ्यांना खाली पिटाळतात, वर मुक्काम करू देत नाहीत. बाकी जाणकार येतीलच.

कंदीपेढा (सातारा)
पिंपळपान, तुमच्या घरातली तीन माणसं तीन ठिकाणी निघालीत आणि दिवस आहेत पाच. आधी हे पाच दिवस विसरा. पाच दिवस रजा टाका आणि दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरा. नऊ होतात. त्याखाली हा प्रवास करण्यात अर्थ नाही, कारण नुसत्या ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटरला दिवस जातो. विमानातून उतरून त्याच दिवशी जोशीमठ गाठायचं म्हणजे अंधारात डोंगर चढायचा, आणि रात्री त्या रस्त्यावर पोलीस गाड्या सोडत नाहीत.

आता पायवाट. जोशीमठाहून गाडी गोविंदघाटापर्यंत जाते, उंची १८०० मीटरच्या आसपास. तिथून जीपने चारेक किलोमीटर पुलना. पुढे नऊ-दहा किलोमीटर चालत घांगरिया, ३०५० मीटर. म्हणजे एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढ. वाट रुंद आणि बांधलेली आहे, पावलापावलावर चहाच्या टपऱ्या आहेत, भीती वाटावी असं काही नाही. पण भ्यूंदार गाव मागे पडून पूल ओलांडला की शेवटचा चढ अंगावर येतो. आईंना पुलन्यापासून खेचर करा. हेलिकॉप्टर गोविंदघाट ते घांगरिया उडतं, पण ढग खाली आले की उडत नाही, आणि पावसाळ्यात ढग कधी खाली नसतात? मिळालं तर बसा, त्याच्यावर बेत टांगू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: घाटीत खेचरं जात नाहीत. राष्ट्रीय उद्यान आहे, हेमकुंडाची वाट घांगरियानंतर फुटते आणि खेचरं त्या बाजूने जातात. घाटीच्या वाटेला फक्त आपले पाय किंवा कंडी. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, माणूस तिच्यात बसतो आणि पिट्ठू, म्हणजे हमाल, चालतो. आई नाही म्हणणार, लाज वाटते म्हणणार. माझ्या थोरल्या जाऊबाई अशाच हटून बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, पुष्पावती नदी ओलांडल्यावरचा दगडी चढ तेवढा कंडीतून करा, वर सपाटीला उतरून हवं तेवढं चाला. माणसाच्या पाठीवर बसणं मलाही पटत नाही, पण त्या लोकांची कमाई हंगामाचीच असते. आपण नको म्हटल्याने त्यांचं ओझं हलकं होत नाही, मजुरी बुडते. भाव आधी ठरवायचा, घासाघीस करायची नाही. आणि उतरतानाही कंडी हवी. गुडघ्याचं खरं दुखणं उतारावर निघतं.

फुलांचं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंय, तेव्हा जरा लांबण लागेल. आपल्याकडची माणसं कास बघून तिथे जातात आणि हिरमुसतात. कासला सप्टेंबरात एकेका रंगाचा पट्टाच्या पट्टा असतो, लांबूनच दिसतो. घाटी लांबून बघाल तर हिरवं कुरण, वर ढग, मध्ये नदी. फुलं गवताच्या आत आहेत. वाटेवर थांबून वाकलात की एका हाताच्या अंतरात चार-पाच जाती सापडतात. जांभळट जिरेनियम, लालभडक पोटेन्टिला, आपल्या सापकांद्याची भावंडं. गुलाबी तेरडा तर कमरेच्या वर जातो. इम्पेशन्स सल्काटा म्हणजे आपल्या गौरीतल्या तेरड्याचा भाऊबंदच, पण हा पहाडात वाढलेला, दांडगा. ज्या निळ्या पॉपीसाठी सगळे तळमळतात तिचा देठ काटेरी असतो, ती खडकांच्या आडोशाने एखाददुसरी दिसते आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत ओसरत जाते. जूनमध्ये वाटेवर बर्फ असतं आणि फुलं थोडी. सप्टेंबरात पानं पिवळी पडून बिया धरायला लागतात. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य, हा खरा हंगाम. तुमची १५ ऑगस्ट शेपटाला येते आणि वर जोडून सुट्टीची गर्दी. आठवडाभर अलीकडे या.

बहुतेक लोक पहिल्या ओढ्यापाशी फोटो काढतात, डबा खातात आणि माघारी फिरतात. तुम्ही पुढे जा. १९३९ साली फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून गेलेल्या जोन मार्गारेट लेग या बाईंची कबर आत आहे. तिथून पुढे नदीच्या पात्रापर्यंत गेलात तर गोट्यांमध्ये एपिलोबियमचा गुलाबी रंग दिसेल आणि माणसं विरळ होतील. आत दुकान नाही, मुक्काम नाही, पाचच्या आत बाहेर यावं लागतं. म्हणून सकाळी सातच्या सुमारास चौकीवर हजर राहा. पराठे घांगरियातून बांधून घ्या आणि त्याचा कागद परत आणा.

अवांतर: फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक १९३१ साली कामेट शिखर करून उतरताना इथे पोचला आणि त्याने घाटीचा शोध लावला असं सगळीकडे लिहितात. भ्यूंदारच्या लोकांची मेंढरं त्याआधीपासून तिथे चरत होती. १९८२ मध्ये उद्यान झालं, चराई बंद झाली, आणि मग पॉलिगोनम नावाची उंच झुडपं माजली. आता वनखातं दरवर्षी माणसं लावून ती उपटतं. मेंढरं होती तेव्हा बरं होतं की आता, यावर आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत भांडणं व्हायची. २००५ मध्ये जागतिक वारसा झाल्यावर तर चराईचा विषयच मिटला. माझं मत विचाराल तर थोडी मेंढरं हवी होती.

घाटवाट (पुणे)
बाई, दंडवत. एकच जोडतो. हेमकुंड ४००० मीटरच्या वर आहे आणि घांगरियाहून सहा किलोमीटरात हजारेक मीटर चढ. डोकं जड झालं, मळमळलं तर "आता एवढंसंच राहिलंय" न म्हणता खाली यायचं. उंचीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना इथूनच विचारून जा. वर पोचलात तर लंगरची गरम खिचडी आणि चहा चुकवू नका. ब्रह्मकमळं सरोवराच्या अलीकडच्या उतारांवर बघायला मिळतील. तोडू मात्र नका, लोक सर्रास तोडतात.

दूनचा_पाहुणा (डेहराडून)
मी नोकरीमुळे इथे असतो, म्हणून रस्त्याचं सांगतो. कंदीपेढाताई म्हणतात तसं अलीकडे याच, पण किती अलीकडे ते पंचांगात बघा. इथला श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि त्या पंधरवड्यात कावड यात्रा असते. हरिद्वार-ऋषिकेश अक्षरशः बंद पडतं, रस्ते वळवतात, खोल्या मिळत नाहीत. त्यांची शिवरात्र आपल्या दिव्यांच्या अवसेच्या तोंडावर येते आणि मग गर्दी ओसरते. श्रावणाच्या आधी अधिक महिना आला त्या वर्षी हे सगळं ऑगस्टात सरकतं. तेव्हा अवस उलटल्यावर जो पहिला शनिवार येईल तो धरा.

दुसरं म्हणजे दरडी. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधला सिरोबगड, बद्रीनाथच्या वाटेवरचा लामबगड ही नावं इथल्या ड्रायव्हरांना पाठ आहेत. जेसीबी येतं, मोकळं होतं, पण दोन तास लागतील की दीड दिवस हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून राखीव दिवस जाताना नको, परतताना ठेवा. विमान चुकतं ते परतताना. बद्रीनाथ आणि हेमकुंडासाठी सरकारी नोंदणी लागते, ती निघण्याआधीच करा. घाटीचा परवाना वेगळा.

गाडी ठरवताना ड्रायव्हर पहाडी आहे ना ते विचारा. दिल्लीहून आलेल्या गाडीत बसून ते वळणं घेणं मला तरी सोसत नाही.

पिंपळपान (ठाणे)
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात बैठक झाली. नवा बेत: शनिवारी ऋषिकेश, रविवारी जोशीमठ, सोमवारी घांगरिया, मंगळवारी तिघंही घाटीत. बुधवारी मी एकटा हेमकुंडाला, बायको पुन्हा घाटीत (बाईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला, आता तिला नदीचं पात्र गाठायचंय) आणि आई खोलीत आराम करेल. गुरुवारी खाली उतरून बद्रीनाथला मुक्काम. शुक्रवारी दर्शन करून रुद्रप्रयागपर्यंत. शनिवार राखीव. रविवारी विमान.

कंडीचं आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला लहानपणी मी किती वर्षं कडेवर घेऊन फिरले!" हे हो आहे की नाही, कळत नाही.

आता एक नवीन अडचण. अवस उलटली म्हणजे आपला श्रावण लागला. आईचे श्रावणी सोमवार असतात आणि सोमवार नेमका चढाचा दिवस. दिवसभर उपास, संध्याकाळी सोडते. बदल म्हटलं तर ऐकणार नाही.

कंदीपेढा (सातारा)
ते हो आहे, कंडी ठरवा.

उपासाला उपाशी राहणं नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. साबुदाणा तिकडे शोधू नका. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि दाण्याची चिक्की घरून न्या, दर तासाला काहीतरी तोंडात. जोशीमठातून निघताना केळी घ्या. बटाटा कुठल्याही टपरीवर उकडून देतात, सैंधव पुडीत बांधून ठेवा, तिकडे प्रत्येकाकडे असेलच असं नाही. पाणी भरपूर, तहान लागली नाही तरी. आणि उपास संध्याकाळी घांगरियात पोचल्यावर गुरुद्वाऱ्याच्या लंगरात सोडा, गरम डाळ-पोळी-भात असतो. कांदा-लसूण त्या चालवून घेणार असतील तर. नसतील तर हॉटेलात आधी सांगून ठेवलं की साधं वरण करून देतात.

खेचर हलतं फार, लाडू खेचरावर बसून खायला देऊ नका.