मदत हवी आहे : गोबरगॅसमध्ये पेंढा आणि काजूचे बोंडू (बीला जोडलेली रसाळ फळं) चालतील का?

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात. गोठ्यात दोन गाई, एक म्हैस. दोन घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा (पक्क्या घुमटाचा, जमिनीखालचा) गोबरगॅस बांधायचा विचार पक्का आहे, पण त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं आणि आमच्याकडे ३५ किलोच्या वर जात नाही. गुरं दिवसभर चरायला जातात, ते शेण रानातच राहतं.

उरलेली भर भाताच्या पेंढ्याने काढता येईल का? पेंढ्यात कार्बन फार, नायट्रोजन कमी, हे ठाऊक आहे. तो तरंगून वर जाड साय धरतो आणि गॅस अडतो, असंही ऐकलंय. बारीक कापून शेणकाल्यात आठवडाभर कुजवून घातला तर चालतो का? कोणी प्रत्यक्ष केलंय?

दुसरं, काजूचे बोंडू. एप्रिलमध्ये झाडाखाली नुसता सडा पडतो, आंबूस वास आणि चिलटं. इतकं वाया जाताना बघवत नाही. पण आंबटपणामुळे टाकीतले गॅस तयार करणारे जंतू मरतील अशी भीती वाटते. रोज किती घालावेत? चुन्याची निवळी मिसळावी का?

जागेचंही सांगा. घरामागे जांभा दगड आहे, खोदाई महाग. खाली मळ्याकडे माती मऊ, पण पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं. आईचा चुलीचा धूर यंदा बंद करायचाच आहे, म्हणून पावसाआधी बांधकाम उरकायचंय. कोकणातल्याच कोणाचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, फोटो असतील तर फारच बरं.